हातमोजे, हिमगिर्यारोहणाचे

हिमाच्छादित पर्वतावरील चढाईत हातांचे थंडी, वारा, ओल व घर्षण यांपासून संरक्षण करणारे आवरण. त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पाचही बोटांना स्वतंत्र कप्पे असणारा तो बोटांचा हातमोजा. अंगठा वेगळा व उरलेली चार बोटे एकाच कप्प्यात असणारा तो मिटन. पहिल्याने बोटांच्या हालचाली सुलभ होतात, तर दुसऱ्यात बोटे परस्परांना ऊब देत असल्याने तो अधिक उबदार ठरतो. ऊब व हस्तकौशल्य यांतील हा विरोध या साधनाच्या संपूर्ण इतिहासात आढळतो व त्याच्या निवडीतील मुख्य अडचणही तीच आहे.

शरीरक्रियावैज्ञानिक कारणे : बोटांचे आकारमान लहान व पृष्ठभाग त्या मानाने मोठा असल्यामुळे त्यांतून उष्णता झपाट्याने निघून जाते. शरीर थंड पडू लागले की गाभ्याचे तापमान टिकविण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि बोटांचा रक्तपुरवठा सर्वांत आधी घटतो. अतिउंचीवर ऑक्सिजनची न्यूनता, शरीरातील पाण्याची कमतरता व थकवा यांची त्यात भर पडते. ऊतकांतील पाणी गोठू लागले म्हणजे हिमदंश होतो. आरंभीच्या वेदना थांबून बोटे बधिर होतात व त्यामुळे आपण सुरक्षित आहोत असा भ्रम होतो. म्हणून केवळ जाड हातमोजा घालून भागत नाही. धडाला पुरेशी ऊब, अन्न व पाणी मिळत नसेल, तर उत्तम हातमोजाही बोटे वाचवू शकत नाही. कारण हातमोजा उष्णता निर्माण करीत नाही, ती केवळ राखतो.

इतिहास : महाराष्ट्रात हातावरील आवरण प्रथम ज्ञात होते ते शस्त्रास्त्रांच्या संदर्भात. मराठ्यांच्या दांडपट्ट्याच्या मुठीभोवती कोपरापर्यंत पोचणारे लोखंडी आवरण असे आणि चिलखताबरोबर दस्ताने वापरीत. येथील सौम्य हिवाळ्यात थंडीसाठी खास हातमोजे बनविण्याची गरज फारशी भासली नाही. सह्याद्रीत हिवाळा हा कातळारोहणाचा अनुकूल हंगाम असतो. बर्फाचा प्रश्न तेथे उद्‌भवत नाही.

यूरोपात आल्प्स पर्वतातील आरोहक घट्ट विणीचे लोकरी मिटन वापरीत. लोकर उकळून व आटवून केलेले ऑस्ट्रियन बनावटीचे मिटन विसाव्या शतकात विशेष प्रसिद्धी पावले. ओली झाली तरी लोकर काही प्रमाणात ऊब टिकविते, तसेच मिटनच्या पृष्ठावर गोठलेला हिमाचा थर वाऱ्याला अडवितो, हे त्याचे कारण होय. तथापि एव्हरेस्टवरील आरंभीच्या मोहिमांत ही साधने अपुरी ठरली. १९२२ च्या ब्रिटिश मोहिमेतील भारतीय सर्वेक्षण विभागाचे अधिकारी हेन्री मॉर्सहेड यांना हिमदंशामुळे बोटांची पेरे गमवावी लागली.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद घटना ३ जून १९५० रोजी अन्नपूर्णा शिखरावर घडली. मॉरिस एर्झॉग व लुई लाशनाल यांनी आठ हजार मी.हून अधिक उंचीच्या शिखरावर मानवाचे पहिले पाऊल ठेवले. उतरताना एर्झॉग यांनी पाठपिशवी उघडण्यासाठी हातमोजे काढून ठेवले व ते उतारावरून घरंगळत गेले. पिशवीत जादा पायमोजे होते. ते हातांवर चढविता आले असते. परंतु ऑक्सिजनच्या अभावी मंदावलेल्या बुद्धीला तो उपाय सुचला नाही. पुढे त्यांच्या हातापायांची बहुतेक बोटे कापावी लागली. राखीव जोड बाळगणे व हातमोजे दोरीने मनगटाशी बांधणे हे दोन नियम आज प्रत्येक प्रशिक्षणात शिकविले जातात. त्यांचे महत्त्व पटविण्यासाठी या घटनेइतके प्रभावी उदाहरण क्वचितच सापडते.

२९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टवर पोचलेल्या एडमंड हिलरी यांनी हातांवर तीन थर चढविले होते : आत रेशमी, त्यावर लोकरी व सर्वांवर वारारोधक. थरांचे हे तत्त्व अद्यापि प्रमाण मानले जाते. आतील पातळ थर घाम शोषून घेतो आणि बारीक कामाच्या वेळी उघडी त्वचा धातूला चिकटू देत नाही. मधला ऊब राखतो. बाहेरचा वारा व हिम रोखतो.

१९६० नंतर आरोहणतंत्र बदलले. लांब दांड्याच्या कुऱ्हाडीने पायऱ्या खोदण्याऐवजी दोन्ही हातांत वक्र टोकाच्या आखूड कुऱ्हाडी धरून उभ्या बर्फावर चढण्याची पद्धती रूढ झाली. या पद्धतीत हात दीर्घकाळ डोक्यावर राहतात, मूठ घट्ट आवळलेली असते व बोटांतील रक्त ओसरते. हात खाली घेताच रक्त परत येऊन तीव्र कळा येतात. बर्फात स्क्रू बसविणे, कॅराबिनर उघडणे ही कामे जाड मिटन घालून होत नाहीत. यामुळे वक्र बोटांचे, चामडी तळव्याचे व कमी जाडीचे हातमोजे प्रचारात आले. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी ताणलेल्या पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलिनाचे सच्छिद्र पटल तयार केले. बाहेरचे पाणी रोखणारे व आतील बाष्प बाहेर जाऊ देणारे हे पटल पुढे हातमोज्यांतही वापरात आले. १९८० नंतरच्या दशकात लोकरीची जागा बहुतांशी कृत्रिम तंतूंनी घेतली. अतिउंचीवर मात्र पिसे भरलेल्या मिटनला अजूनही मोठे स्थान आहे.

महाराष्ट्रातील व औद्योगिक पट्ट्यातील परंपरा : दार्जिलिंग येथील हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (१९५४) आणि उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्था (१९६५) यांमुळे भारतीय तरुणांना हिमावरील चढाईचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळू लागले. मुंबईत १९५४ साली गिरिविहार ही संस्था निघाली. १९८८ मध्ये तिने कांचनजंगावर मोहीम नेली. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. १९ मे २०१२ रोजी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या आठ आरोहकांनी एव्हरेस्ट सर केले. त्याच वर्षी भोसरीच्या सागरमाथा गिर्यारोहण संस्थेनेही एव्हरेस्टवर मोहीम नेली. त्या हंगामात शिखरमार्गावर मोठी गर्दी झाली होती. दोरावर खोळंबून उभे राहावे लागले, की शरीराची उष्णतानिर्मिती घटते व चालताना पुरेसा वाटणारा हातमोजा अपुरा पडतो. म्हणून निवड करताना चालण्याचा नव्हे, तर थांबण्याचा काळ हिशेबात घ्यावा लागतो.

पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी या भागात अभियांत्रिकी उद्योग वाढले आणि पुढे ते चाकणपर्यंत पसरले. या पट्ट्यातील कामगाराला हातमोजा पर्वतापेक्षा आधी कारखान्यात भेटतो : माल हाताळण्यासाठी विणलेला सुती, झाळकामासाठी चामडी, विजेच्या कामासाठी रबरी. हातमोजा कामानुरूप निवडावयाचा असतो, हा धडा त्याला तेथेच मिळतो. लेथ अथवा ड्रिल यंत्रावर फिरत्या भागात अडकून हात ओढला जाऊ नये म्हणून हातमोजा घालणे निषिद्ध असते. हिमशिखरावर तो क्षणभर काढणेही घातक ठरू शकते.

तथापि कारखान्यातील हातमोज्यांचा पर्वतावरील उपयोग मर्यादित आहे. तैलबैला, नागफणी यांसारख्या सह्याद्रीतील कड्यांवरून दोराने उतरताना चामडी तळवा घर्षणापासून हात वाचवितो. हिमालयात मात्र सुती हातमोजा ओल शोषून घेतो, ती सोडत नाही व गोठतो. झाळकामाचे चामडे भिजल्यावर कडक होते. यूरोपीय मानकांत हा भेद स्पष्ट केलेला आहे. ईएन ३८८ या मानकानुसार घर्षण, काप, फाटणे व भोसकणे यांना होणारा रोध मोजतात. ईएन ५११ हे मानक थंडीसंबंधी असून त्यात थंड हवा व थंड वस्तूचा स्पर्श यांपासूनच्या संरक्षणास ० ते ४ व जलरोधास ० किंवा १ असे अंक देतात. पहिल्या मानकाचे हातमोजे दुसऱ्याच्या जागी वापरता येत नाहीत.

निवड व वापर : हातमोजा घट्ट नसावा, दाबामुळे रक्तप्रवाह अडतो व थरांमधील उबदार हवा नाहीशी होते. खरेदीच्या वेळी आतील थर घालूनच मापाची परीक्षा करावी. हातमोजा घालून दोराची गाठ मारणे, कॅराबिनर उघडणे व कुऱ्हाड धरणे या तीन क्रिया करून पाहाव्यात. मनगटावरील पट्टा अंगरख्याच्या बाहीवर वा बाहीखाली नीट बसला पाहिजे. मोठ्या चढाईसाठी पातळ अस्तर, कामाचा जलरोधक हातमोजा व उबदार मिटन असा संच आणि त्याखेरीज एक कोरडा जोड बाळगतात. भिजलेला जोड अंगाजवळ ठेवून वाळवितात. काढलेला हातमोजा हिमावर कधीही न ठेवता अंगरख्याच्या आत ठेवतात.

बोटे बधिर झाल्यास ती चोळू नयेत किंवा त्यांवर हिम घासू नये. त्यामुळे गोठलेल्या ऊतकांची अधिक हानी होते. सुरक्षित स्थळी पोचल्यावर ३७° ते ३९° से. तापमानाच्या पाण्यात ती बुडवून उबवावीत. पुन्हा गोठण्याचा धोका असेल, तर उबविणे पुढे ढकलावे.

शिखर दुसऱ्या हंगामात पुन्हा गाठता येते. कापलेले पेर परत येत नाही. यंत्रावर, मोजमापाच्या उपकरणांवर वा जुळणीच्या कामावर उपजीविका अवलंबून असणाऱ्या आरोहकाच्या बाबतीत ही हानी क्रीडेपुरती मर्यादित राहत नाही. त्यामुळे अशा आरोहकाच्या मोहिमेच्या खर्चात हातमोज्यांवरील रक्कम ही काटकसरीची बाब ठरत नाही, आणि हात थंड पडत असता मागे फिरण्याचा निर्णय हाही साधनांच्या योग्य वापराचाच भाग मानला जातो.