सशाचे पचन व मलभक्षण

ससा आपल्याच काही लेंड्या खातो. ही खोड किंवा विकृती नसून त्याच्या पचनाचा आवश्यक भाग आहे. गाईगुरांप्रमाणे सशाला अनेक कप्प्यांचे जठर नसते. गवतातील तंतू आंबवण्याचे काम त्याच्या मोठ्या अंधनालात, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरील पिशवीत, चालते. मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाची जणू चाळणी करतो. भरड तंतू पुढे सरकून कोरड्या, कडक, गोल लेंड्या बनतात. बारीक कण व द्रव मात्र उलट दिशेच्या आकुंचनांनी अंधनालात परततात आणि तिथले सूक्ष्मजीव त्यांचे विघटन करतात. त्यातून तयार होणारी मेदाम्ले तिथेच रक्तात शोषली जातात.

सूक्ष्मजीवांनी बनवलेली प्रथिने, ब गटातील जीवनसत्त्वे व के जीवनसत्त्व मात्र अंधनालातून फारसे शोषले जात नाही. ते मऊ, ओलसर, श्लेष्म्याने मढलेल्या, घोसासारख्या लेंड्यांतून बाहेर पडते. ससा त्या थेट गुदद्वारातूनच उचलून, बहुधा न चावता गिळतो. रानटी ससे हे दिवसा बिळात विसावलेले असताना करतात, त्यामुळे ते क्वचितच दिसते. श्लेष्म्याच्या आवरणामुळे जठरातही काही तास आंबवण सुरू राहते आणि नंतर पोषकद्रव्ये लहान आतड्यात शोषली जातात.

पाळीव सशाच्या पिंजऱ्यात मऊ लेंड्या वारंवार पडून राहत असतील, तर आहारात तंतू कमी व पिष्टमय पदार्थ जास्त असण्याची शक्यता असते. लठ्ठपणामुळे किंवा पाठीच्या दुखण्यामुळे त्याला वाकता येत नसेल, तरीही असे घडते. सुके गवत भरपूर देणे हा मुख्य उपाय होय.