पूर्व आफ्रिकेहून परतीची वाट

पूर्व आफ्रिकेतील हिंदी लोकांचा जो इतिहास ग्रंथांतून वाचावयास मिळतो, तो मुख्यतः जाणाऱ्यांचा इतिहास आहे. १८९६ साली मोंबासा बंदरातून युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले, १९०१ मध्ये रूळ व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी पोहोचले, त्या कामासाठी सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून करारावर नेण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे २,५०० तिकडेच मृत्यू पावले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. त्या मजुरांत पंजाबचे लोक अधिक होते. गोमंतकातून, विशेषतः बारदेशातून, जी माणसे गेली ती कारकून, शिंपी आणि आचारी म्हणून गेली व पुढे सरकारी कचेऱ्यांत स्थिरावली, हेही नमूद झालेले आहे. परंतु त्यांची कुटुंबे परत कशी आली, आणि अनेक स्त्रिया लहान मुलांना घेऊन एकट्या कशा आल्या, याविषयी दफ्तरे फारसे बोलत नाहीत.

एकटीने येण्याचे कारण त्या चाकरीच्या रचनेतच होते. सरकारी नोकरास काही वर्षांच्या सेवेनंतर दीर्घ रजा मिळे. ती संपली की पुरुषाला हुद्द्यावर रुजू होणे भाग असे, आणि बाळंतपण, वृद्ध सासूसासऱ्यांची शुश्रूषा किंवा मुलांचे शिक्षण ज्या वेळी मायदेशी ओढून नेई, त्या वेळी तो भार पत्नीने उचलावा असा जणू अलिखित दंडकच पडला होता. पतीचे वेतन नैरोबीत, मुलांची शाळा म्हापशात, मुंबईत किंवा पुण्यात, अशी विभागलेली संसाररचना अनेक घरांनी वर्षानुवर्षे निभावली.

आगबोटीच्या काळी या प्रवासाला आठ-दहा दिवस लागत. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘करांजा’ आणि ‘कंपाला’ या बोटी मोंबासा व मुंबई यांच्यामध्ये ये-जा करीत, आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला म्हणजे डेकवरील प्रवाशांचे अतिशय हाल होत. तरीही माझे असे मत आहे की लेकुरवाळ्या स्त्रीला ही बोट अनेक अंगांनी अनुकूल होती. पत्र्याच्या पेट्या, अंथरुणे आणि भांडीकुंडी बरोबर घेता येत, मूल रडू लागले तर शेजारच्या कुटुंबातील एखादी आजी ते कडेवर घेई, आणि ज्या घराची आठवणही मुलांना नसे त्या घराविषयी, तेथील आजीआजोबांविषयी, नदीविषयी व भाषेविषयी त्यांना हळूहळू सांगण्यास आईला पुरेसा अवकाश मिळे.

१९५० साली एअर इंडियाची विमाने एडनमार्गे नैरोबीस जाऊ लागली आणि १९६० नंतर जेट विमाने आली, तेव्हा हा अवकाश संपला. दिवसांचा प्रवास तासांवर आला, हा लाभ उघड होता. पण विमानाच्या नियमांनी त्या एकट्या बाईच्या संसाराचे मोजमाप नव्याने केले. दोन वर्षांखालील मुलाला मोठ्या माणसाच्या भाड्याच्या एकदशांश भाडे पडे, मात्र त्याला आसन नसे, ते आईच्या मांडीवरच बसावयाचे. दोन ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे भाडे आणि स्वतंत्र आसन. सामान माणशी वीस किलो, आणि मांडीवरच्या बाळाच्या नावावर सामानाचा हक्क नाही. ज्या स्त्रीने परक्या मुलखात पंधरा वर्षे घर मांडले, तिने त्यातले काय उचलावे आणि काय सोडावे याचा निर्णय तराजूच्या काट्यापुढे करावयाचा होता. शिवाय पीतज्वराची लस टोचल्यानंतर दहा दिवस उलटल्याखेरीज तिचा दाखला ग्राह्य धरला जात नसे, आणि तो दाखला नसलेल्या आफ्रिकेच्या प्रवाशाला आपले सरकार विलग ठेवी. म्हणून पासपोर्टाइतकाच तो पिवळा कागद जपावा लागे. विमान सांताक्रूझला उतरले तरी गोवेकर स्त्रीचा प्रवास संपत नसे. धोबीतलावच्या परिसरातील गावोगावच्या कुडी, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडखोल्या, मुख्यतः पुरुषांसाठी होत्या, त्यामुळे एखाद्या आप्ताच्या खोलीत रात्र काढून भाऊच्या धक्क्यावरून पणजीची आगबोट गाठावी लागे. आणि १९५५ नंतर भारताने पोर्तुगीज गोव्याच्या केलेल्या नाकेबंदीच्या काळात, १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत, तो मार्गही सरळ उरला नव्हता.

पुढे रजेच्या जागी कायमचे परतणे आले. केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला; १९६७ च्या कायद्याने, ज्यांनी तेथील नागरिकत्व घेतले नव्हते त्यांना कामासाठी परवाना आवश्यक ठरला, आणि १९६८ च्या मार्चमध्ये ब्रिटननेही आपले दार बरेचसे लावून घेतले. परवाना असेतोवर पुरुषाने मागे राहून कमवावे आणि कुटुंब आधी रवाना करावे, ही जुनी रीत आता निरुपायाने अनुसरावी लागली. युगांडात तर १९७२ च्या ऑगस्टमध्ये तेथील सत्ताधीश इदी अमीनने हिंदी लोकांना देश सोडण्यासाठी नव्वद दिवसांची मुदत दिली, तेव्हा पुष्कळ कुटुंबे रेल्वेने मोंबासास येऊन बोटीने मुंबईस पोहोचली. तेथे विचारपूर्वक सामान बांधण्याचा प्रश्नच नव्हता.

या सर्व उलथापालथीत त्या स्त्रियांची नोंद कोठे सापडते? त्या काळी लहान मुलांना बहुधा वेगळा पासपोर्ट काढीत नसत; आईच्या पासपोर्टाच्या एका पानावर त्यांची नावे आणि जन्मतारखा लिहिल्या जात. ते पान, त्यावरील निर्गमनाचा व आगमनाचा शिक्का, लशीचा पिवळा दाखला आणि तिकिटाची स्थळप्रत, एवढाच पुष्कळ घरांत या प्रवासाचा अस्सल पुरावा उरलेला आहे. माझ्या दृष्टीने रेल्वेच्या रुळांइतकाच तो इतिहासाचा मोलाचा ऐवज आहे, कारण रूळ कोणी घातले हे सरकारने लिहून ठेवले, पण मुलांना सुखरूप घरी कोणी आणले हे कोणीही लिहिलेले नाही. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, आणि तो प्रवास केलेली आजी किंवा मावशी हयात असेल, तर तिच्याजवळ बसून तिची हकिकत तिच्याच शब्दांत, तारखांसह, लवकरात लवकर लिहून घ्यावी.