टेबलावरचा भोपळा

परवा शनिवारी आमच्या डायनिंग टेबलाचं ऑडिट केलं. सहा खुर्च्यांचं, हप्त्यावर घेतलेलं टेबल. त्यावर सापडलेला ऐवज : दोन लॅपटॉप, तीन चार्जर, विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, लेकीची रंगपेटी आणि एक सुकलेलं लिंबू. जेवायला जागा : भोपळा!

मग आम्ही जेवतो कुठे? सोफ्यावर. ताट मांडीवर आणि तीन तोंडं तीन स्क्रीनकडे. शहाद्याहून आई राहायला आली होती. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने आपलं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर एकटीच जेवली.

हे जरा लागलं.

बायको म्हणाली, टेबलाच्या मधोमध काहीतरी मांडून ठेवू, म्हणजे कुणी पसारा टाकणार नाही. मॉलमध्ये प्लॅस्टिकच्या ऑर्किडची फुलदाणी बघून झाली होती. मी म्हटलं थांब, आधी वाचतो. (आमच्या धंद्यातली खोड. कोड लिहायच्या आधी डॉक्युमेंटेशन!)

तर पहिला प्रश्न : आपल्याकडे जेवणाच्या मधोमध काही ठेवायची पद्धत का नव्हती? सजावटीची हौस नव्हती म्हणावं, तर लग्नामुंजीच्या पंगतीत ताटाभोवती रांगोळी असायची, समोर केळ्यात खोचलेली उदबत्ती असायची. पण सजावट ज्याच्या त्याच्या पानापुरती. दोन रांगांच्या मधली जागा मोकळी, कारण ती वाढप्याची वाट! तिथे फुलदाणी ठेवली तर आमटीची बादली घेऊन येणारा माणूस तोंडावर पडेल.

युरोपात उलटं होतं. मध्यभागी टेबल आणि टेबलावर एकाच वेळी मांडलेले सगळे पदार्थ. मधली जागा मानाची, आणि तिथे मीठही मानाचं. बेनवेनूतो चेल्लिनी या इटालियन सोनाराने फ्रान्सच्या राजासाठी 1543 मध्ये सोन्याचं मीठपात्र पूर्ण केलं. समुद्रदेव आणि पृथ्वीदेवी समोरासमोर रेललेत, एकाच्या बाजूला मीठ, दुसरीच्या बाजूला मिरी. 2003 साली ते व्हिएन्नाच्या म्युझियममधून चोरीला गेलं आणि 2006 मध्ये ऑस्ट्रियातल्या एका जंगलात पुरलेल्या पेटीत सापडलं. मिठाच्या डबीचं एवढं रामायण!

मग वाढण्याची पद्धत बदलली. 1810 च्या सुमाराला पॅरिसमधला रशियन राजदूत कुराकिन याने एकेक पदार्थ क्रमाने, नोकरांच्या हातून वाढायची रशियन रीत तिथे आणली असं सांगतात. म्हणजे आपली पंगतच की! फरक एवढाच की वाढपी पाठीमागून यायचा, त्यामुळे टेबलाचा मध्य एकदम रिकामा पडला. पुढच्या शंभर वर्षांत तिथे फुलं, फळांचे मनोरे, मेणबत्त्यांची झाडं आली. आज हॉटेलात दिसतो तो गुच्छ याच वंशातला.

आता आपलं घर बघा. वाढपी नाही. कुकर, भाजीची कढई, भाकरीचा डबा सगळं मध्येच येतं, ज्याने त्याने वाढून घ्यायचं. म्हणजे आपण 1810 च्या आधीच्या व्हर्जनवर आहोत, आणि ऑर्किडची फुलदाणी नंतरच्या व्हर्जनची. कम्पॅटिबल कशी होणार? रोजच्या टेबलाला बुटकी, हलकी, एका हाताने उचलून बाजूला ठेवता येईल अशी वस्तू हवी. आणि तिच्यावरून समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं.

अशी वस्तू आमच्या माळ्यावर पडली होती. आईनेच कधीतरी बियाण्यासाठी पाठवलेले दोन दुधी.

दुधी वेलावरच जून होऊ दिला, मग काही महिने हवेशीर टांगला की साल लाकडासारखी होते. वरून बुरशीचे डाग पडतात, घाबरायचं नाही. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तयार. माणसाने पिकवलेल्या सगळ्यात जुन्या वनस्पतींपैकी ही एक. मूळ आफ्रिकेचं, पण अमेरिकेत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पोचलेलं. 2014 च्या डीएनए अभ्यासानुसार फळं समुद्रावर तरंगत गेली असावीत. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा याच जातकुळीतला. आणि आमच्या सातपुड्यात तर विचारूच नका. पाणी न्यायचा तुंबा याचाच. अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, तेव्हा व्रत धरलेले नाचणारे कमरेला असेच सुकलेले भोपळे बांधतात, डोक्यावर मोरपिसांचे टोप. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी ते पाहिलंय. त्या आवाजाशी तुलना करायला अजून दुसरा आवाज सापडलेला नाही.

असो. पहिला दुधी मी घाई करून कापला. तो आत ओलाच होता, घरभर जो वास सुटला त्याबद्दल न बोललेलं बरं. दुसरा नीट खुळखुळत होता. हॅकसॉने आडवा कापला, चार बोटं उंचीची वाटी ठेवली, आतला गर चमच्याने खरवडला, वाळूने घासून धुतला, दोन दिवस सुकवला आणि वरून जवसाचं तेल चोळलं. डुगडुगू नये म्हणून खाली सुतळीची चुंबळ. आत नंदुरबारच्या पथारीवर वाळलेल्या मूठभर लाल मिरच्या आणि चार लिंबं. खर्च : सुतळीचा.

लॅपटॉप आत गेले, बिलं फ्रिजवर गेली. रात्री आईने टेबलाकडे बघितलं.

"हाई काय आठे ठेवानी वस्तू शे?"

अहिराणी आली म्हणजे एकतर राग किंवा लाड. मी गप्प. तिने तुंबा उचलला, उलटा करून बूड बघितलं, वाजवून बघितला. म्हणाली, तुझी आजी यात मीठ ठेवायची, चुलीशेजारी. मला माहीतच नव्हतं.

मग तो तिने कडेला सरकवला, मध्ये पिठल्याची कढई ठेवली आणि खुर्ची ओढून बसली. जेवणं झाल्यावर लेकीने टेबल पुसलं आणि तुंबा परत मध्ये ठेवला. मिरच्यांवर रंगपेटीतला एक निळा खडूही ठेवलाय, तो अजून तिथेच आहे.