फ्लेव्हियाचं वय
फ्लेव्हिया द लूस : कॅनडाच्या अ‍ॅलन ब्रॅडली यांची हौशी गुप्तहेर. मालिकेतली पहिली कादंबरी (२००९) १९५०च्या उन्हाळ्यात, इंग्लंडमधल्या एका खेड्यात घडते. तेव्हा फ्लेव्हिया अकरा वर्षांची आहे. वाड्यातल्या जुन्या प्रयोगशाळेत विषांचा अभ्यास करते आणि थोरल्या बहिणींवर सूड उगवते. सातव्या पुस्तकात तिची रवानगी टोरोंटोच्या निवासी शाळेत होते. तोवर तिचं वय जेमतेम वर्षभराने वाढलेलं असतं, पण घरातल्या दुःखाने ती बरीच मोठी झालेली असते. (कादंबऱ्यांतली दुसरी किशोरवयीन गुप्तहेर नॅन्सी ड्रू मात्र १९३०मध्ये सोळा वर्षांची होती. १९५९पासूनच्या सुधारित आवृत्त्यांत ती अठरा वर्षांची झाली, तीही प्रकाशकांच्या कृपेने!) — संपा.