ध्वनीची पुष्पिका

जुन्या पोथीचें शेवटचें पान उलटलें कीं तेथें बहुधा चार-दोन ओळी अशा आढळतात, ज्यांचा ग्रंथाच्या विषयाशीं कांहीं संबंध नसतो. अमुक शकांत, अमुक गांवीं, अमक्याच्या हातानें ही प्रत पुरी झाली, एवढेंच त्यांत सांगितलेलें असतें. या ओळींस पुष्पिका म्हणतात. ग्रंथाचा रसिक त्या वाचीत नाहीं. ग्रंथाचा इतिहास शोधणारा मात्र प्रथम तेथेंच जातो. नकलकारानें पुष्पिका गाळली तर मूळ ग्रंथ एका अक्षरानेंही उणा होत नाहीं. पण तो पोरका होतो.

ज्ञानेश्वरीचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. शके १२१२ हें रचनेचें वर्ष आणि सच्चिदानंदबाबा हें लेखनिकाचें नांव तिच्या शेवटीं ओवींतच गुंफलेलें आहे. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ग्रंथ शुद्ध केला, त्याची नोंदही ओव्यांतूनच आपणांपर्यंत आली. नकलकारांनीं ती ओवी म्हणून उतरून घेतली आणि ती टिकली. जी माहिती ग्रंथाच्या अंगांत शिरते ती टिकते. जी कडेला राहते ती गळते. पोथ्यांचा हा नियम ध्वनिमुद्रणाच्या इतिहासासही तंतोतंत लागू पडतो, असें मला वाटतें.

इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें. तिच्या त्या काळच्या तबकड्या ऐकल्यास गाणें संपतां संपतां ती इंग्रजींत आपलें नांव उच्चारतांना ऐकूं येते. आज हें ऐकून हसूं येतें. परंतु यांतील हेतु व्यवहाराचा होता, असें सांगतात. मुद्रणाचे सांचे जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं जात आणि तबकड्या तेथें तयार होत. तेथील कामगारांस हिंदुस्थानी भाषा कोठून कळणार? कोणत्या तबकडीवर कोणाचें नांव चिकटवावयाचें, हें त्यांस त्या ध्वनीवरूनच कळावें, म्हणून ही घोषणा. १९०८ सालीं कलकत्त्याजवळ सियालदह येथें कारखाना निघाला आणि पुढें ही प्रथा मागें पडली. नांव, राग व क्रमांक यांचा भार तबकडीच्या मध्यभागच्या कागदी चकतीवर आला. पुष्पिका ओवींतून निघून कडेला गेली, ती अशी.

चित्र आलें तें त्यानंतर. तबकड्यांचीं वेष्टनें बहुतेक साध्या तपकिरी कागदाचीं असत. अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें १९३९ सालीं ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकारास नेमलें, आणि वेष्टनावर गाण्याचें चित्र काढण्याची रीत त्याच्यामुळें रूढ झाली. १९४८ मध्यें त्याच कंपनीनें दीर्घ वादनाची बारा इंची तबकडी काढली, तेव्हां चित्राला एक फूट चौरसाची जागा मिळाली. पाठीमागें साथीदारांचीं नांवें आणि चिजांची माहिती छापण्याची सोय झाली. हें चित्र केवळ शोभेचें नव्हतें; पुष्कळदां साथीदाराच्या नांवाचा तोच एकमेव पुरावा असे. १९६३ मध्यें कॅसेट आली, १९८२ मध्यें कॉम्पॅक्ट डिस्क आली. चित्र लहान होत गेलें, पण कागद होता.

एमपीथ्री या रूपांत मात्र कागदही उरला नाहीं. ज्यांनीं हें रूप सिद्ध केलें त्यांनीं ध्वनि कमी जागेंत कसा बसवावा याचा विचार केला. गाण्याचें नांव कोठें लिहावें याचा केला नाहीं. १९९६ मध्यें एरिक केंप यानें ही उणीव भरून काढली. त्यानें फाइलीच्या अगदीं शेवटीं १२८ बाइटांची एक पट्टी जोडली. तिच्यांत ‘टॅग’ या शब्दाचीं तीन रोमन अक्षरें, मग गाणें, गायक व संग्रह यांस प्रत्येकीं ३०, वर्षास ४, टीपेस ३० आणि प्रकारास १ बाइट. ही पोथीच्या शेवटची पुष्पिकाच होय! ही योजना रोमन लिपीपुरती होती. पुढें रूढ झालेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ लेखनपद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. त्या पट्टींत ‘नारायणराव राजहंस’ लिहूं गेल्यास ‘नारायणराव’ यालाच २७ बाइट लागतात. आडनांव समूळ बाहेर राहतें. बालगंधर्वांची ही गत!

१९९८ मध्यें ही पट्टी नव्या स्वरूपांत फाइलीच्या आरंभीं आली आणि तिच्यांत चित्रालाही घर मिळालें. चित्रांचे २१ प्रकार ठरविण्यांत आले. पुढचें मुखपृष्ठ, मागचें पान, गायकाची छबी असे ते प्रकार असून त्यांत ‘रंगीत मासा’ हाही एक विनोदी प्रकार आहे. परंतु इतर रूपांनीं आपापलीं घरें निराळीं बांधलीं. २००१ मध्यें आलेल्या फ्लॅकनें चित्रासाठीं पुढें स्वतंत्र कप्पा ठेवला. ऑग व्हॉर्बिसच्या नोंदवहींत केवळ अक्षरें बसतात. म्हणून तेथें चित्राचें अक्षरांत रूपांतर करावें लागतें, आणि तीन बाइटांच्या जागीं चार लागतात. एमफोर-ए या रूपांत चित्र राहतें. पण तें मुखपृष्ठ कीं गायकाची छबी, हें सांगण्याची सोय नाहीं. वेव्ह हें १९९१ चें रूप. त्यांत चित्रासाठीं सर्वमान्य जागाच नाहीं.

आतां रूपांतर म्हणजे काय, तें पाहावें. रूपांतर करणारा प्रोग्रॅम ध्वनि उलगडतो आणि नव्या सांच्यांत भरतो. चित्र हा ध्वनीचा भाग नसल्यामुळें तें वेगळें उचलून, नव्या घराच्या मापानें घडवून ठेवावें लागतें. एफएफएमपेग या सुप्रसिद्ध प्रोग्रॅमच्या लेखीं तर मुखपृष्ठ म्हणजे एकाच चौकटीचा चित्रपट! ‘चित्रपट नको’ अशी आज्ञा दिली कीं मुखपृष्ठही जातें. यांत चूक झाल्याची सूचना मिळत नाहीं. गाणें वाजतें, आणि ऐकणाऱ्याचें समाधान होतें. फ्लॅकसारख्या रूपास ‘निर्हानि’ म्हणतात. पण ती हमी ध्वनीपुरतीच आहे, नांवागांवाची नाहीं.

हें मला घरींच अनुभवास आलें. आमच्या आत्याबाईंनीं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या एका कॅसेटवर होत्या. मीं त्यांची फ्लॅक प्रत केली आणि कॅसेटच्या पुठ्ठ्याचें छायाचित्र तिच्यांत बसविलें. पुठ्ठ्यावर आत्याबाईंच्याच हातचें नांव, गांव व तिथि होती. पुढें आप्तांस पाठविण्यासाठीं लहान प्रती केल्या. कांहीं महिन्यांनीं पुतणीनें विचारलें, ‘काका, हा आवाज कोणाचा?’ तिच्या प्रतींत ओव्या होत्या, चित्र नव्हतें. एव्हांना मूळ पुठ्ठा पावसाळ्याच्या ओलीनें गेला होता. पहिली प्रत मीं जपली नसती, तर आत्याबाईंचें हस्ताक्षर कायमचें गेलें असतें. आणि तें माझ्याच हातून!

यावरील उपाय सोपे आहेत. मूळ प्रत कधींही पुसूं नये. रूपांतरानंतर नुसतें ऐकूं नये, उघडून पाहावें. चित्र व माहिती त्याच पेटींत सुटी, साध्या अक्षरांतही ठेवावी. आणि घरच्या मुद्रणांत गौहरजानचा कित्ता गिरवावा: गाणें संपलें कीं नांव, गांव व दिवस मोठ्यानें सांगावा. परवां माझ्या थोरल्या बहिणीची अंगाई मुद्रित केली, तेव्हां तिला तसें सांगावयास लावलें. ती प्रथम लाजली, मग हसली. तें हसूंही आतां त्या ध्वनींत आहे. पुढच्या कोणत्याही नकलकाराला तें गाळतां येणार नाहीं.