बदली मास्तर

गेल्या वर्षी ऐन नवरात्रात माझ्या प्रकाशकांचा दूरध्वनी आला. माझ्या पहिल्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढावी असे त्यांच्या मनात होते. लेखकाला याहून गोड निरोप तो कोणता? पण पुढच्याच वाक्याला त्यांनी मला जमिनीवर आणले. पुस्तकाची मूळ फाइल त्यांच्याकडे राहिली नव्हती. "तुमच्याकडे असेलच की, मास्तर," ते म्हणाले.

होती तर खरी. २००४ साली तालुक्याच्या गावी ज्या गृहस्थाने माझे हस्तलिखित संगणकावर जुळवले, त्याने पुढे धंदा मिटवताना पानांची सीडी, पाने जुळवायच्या प्रोग्रामची मूळ सीडी, मराठी टंक आणि त्या टंकांचे संगणकाच्या पाठीत खोचायचे बोटाएवढे कुलूप, असा सगळा संसार माझ्या हवाली केला होता. तो मी ट्रंकेत जपून ठेवला. हस्तलिखित मात्र एका पावसाळ्यात वाळवीने वाचून संपवले. घरातली छापील प्रत कुणी तरी वाचायला नेली, ती नेलीच.

आता माझा लॅपटॉप. तो घेऊन बारा वर्षे झाली. त्याच्यावरच्या विंडोज १० ला मिळणारी मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबायची होती आणि विंडोज ११ त्याला आपल्या पंगतीला बसवून घेईना. त्यासाठी लागणारी सुरक्षेची चकती आणि नवा प्रोसेसर त्याच्या पोटात नव्हता. म्हणून माझ्या भाच्याने आधीच त्याच्यावर लिनक्स घातले होते. यंत्र तरतरीत झाले, पण माझी सीडी उघडली तेव्हा पानांऐवजी कंस, टिंबे आणि परक्या लिपीतले किडेमकोडे दिसू लागले.

याचे कारण मजेदार आहे. त्या काळच्या बहुतेक मराठी टंकांत संगणकाला आपण मराठी लिहितो आहोत याचा पत्ताच नसे. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. एका खणात अर्धा क, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार. जुन्या छापखान्यातली खिळ्यांची पेटीच म्हणा ना! फरक इतकाच, की प्रत्येक कंपनीच्या पेटीची मांडणी निराळी. जगातल्या सर्व लिप्यांना पक्के क्रमांक देणारा युनिकोड १९९१ साली आला आणि त्यात देवनागरी पहिल्यापासून होती. तरी छपाईचा धंदा पुढे कित्येक वर्षे आपल्या जुन्या पेट्यांवरच चालला. माझी कादंबरी त्या पेटीत अडकली होती. पेटी उघडणारा प्रोग्राम विंडोजचा, आणि घरात विंडोज नाही.

"मामा, घाबरू नकोस. वाइन बसवू," भाचा म्हणाला.

माझी आई माजघरात करंज्यांचे सारण ढवळत होती. तिचा हात थांबला. "दिवाळीच्या तोंडावर? या घरात?" तिची समजूत घालण्यात अर्धा तास गेला.

माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची. पण ही वाइन काय चीज आहे ते मी भाच्याकडून आणि पुढे वाचून समजून घेतले, आणि एखाद्या कादंबरीला शोभेल असा इतिहास हाती लागला.

हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स सुरू केले. प्रणाली फुकट, उघडी, कोणीही वाचावी अशी. पण लोकांचे रोजचे काम विंडोजच्या प्रोग्रामांत अडकलेले. सन कंपनीने आपल्या यंत्रांवर विंडोजचे प्रोग्राम चालवण्याची 'वाबी' नावाची सोय काढली होती. ती पाहून १९९३ साली बॉब अॅमस्टॅड आणि एरिक यंगडेल यांनी लिनक्ससाठी तसाच उद्योग आरंभला. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, त्याची धुरा आलेक्झांद्र ज्युलियार याच्याकडे आली, आणि ती त्याने आजवर खाली ठेवलेली नाही. तीस वर्षांहून अधिक काळ एकच माणूस एकाच कामाला! आपल्याकडे शब्दकोश करणारे असे असत.

वाइन म्हणजे 'वाइन इज नॉट अॅन एम्युलेटर', वाइन हा एम्युलेटर नव्हे. एम्युलेटर म्हणजे एका यंत्राच्या पोटात दुसऱ्या यंत्राचे हुबेहूब सोंग. १९६४ च्या सुमारास आय.बी.एम.ने आपल्या नव्या यंत्रांवर जुन्या यंत्रांचे प्रोग्राम चालावेत म्हणून हे सोंग रूढ केले. सोंगाला मेहनत फार. प्रत्येक आज्ञेचे रूपांतर करायचे, म्हणून चाल मंद होते. वाइनला याची गरज नाही, कारण प्रोसेसर तोच आहे. प्रोग्राममधली बेरीज-वजाबाकी तो थेट करतो. अडते ते मागण्यांपाशी. 'ही फाइल उघड', 'ही खिडकी काढ', अशा मागण्या प्रोग्राम ठरावीक नावांनी विंडोजकडे करतो. वाइन त्याच नावांनी ओ देते आणि काम लिनक्सकडून करवून घेते.

माझ्या डोळ्यांसमोर बदली मास्तर उभा राहतो. नेहमीचे गुरुजी रजेवर; वर्गातली मुले मात्र तीच. बदली मास्तराला गुरुजींची प्रत्येक सवय ठाऊक हवी, चुकीचीसुद्धा. गुरुजी 'ऋषी'चा उच्चार चुकीचा करीत असतील आणि मुलांनी तोच पाठ केला असेल, तर यानेही तसाच करायचा. नाही तर वर्ग गोंधळतो. विंडोजच्या चुकांवर विसंबून लिहिलेले प्रोग्राम असेच असतात. आणि अट अशी, की गुरुजींची वही उघडायची नाही! मायक्रोसॉफ्टचा मूळ मजकूर बंद. वाइनवाल्यांनी तो पाहायचा नाही, बाहेरून निरखून, चाचण्या घेऊन अंदाज बांधायचा. २००४ साली, म्हणजे माझी कादंबरी जुळवली जात होती त्याच वर्षी, विंडोजच्या मजकुराचा काही भाग बाहेर फुटला. ज्याने तो पाहिला त्याचे लिखाण वाइनमध्ये घ्यायचे नाही, हा त्यांचा दंडक. मला हे सोवळे फार आवडले.

त्यात गुरुजी दरवर्षी अभ्यासक्रम बदलणारे. काम सुरू झाले तेव्हा सोळा बिटांचे विंडोज ३.१ होते, ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि बत्तीस बिटांचा संसार नव्याने मांडावा लागला. काही मंडळी फुकट मिळालेल्या या मजकुरावर आपला धंदा उभारून सुधारणा स्वतःपाशीच ठेवू लागली, तेव्हा २००२ साली परवाना बदलून वाटणी सक्तीची केली. अशी पंधरा वर्षे गेली आणि १७ जून २००८ रोजी आवृत्ती १.० बाहेर पडली. पहिली पूर्ण आवृत्ती, पंधरा वर्षांनी! पुढे २०१८ साली व्हॉल्व्ह या खेळांच्या कंपनीने वाइनवर आधारलेले 'प्रोटॉन' काढले. आज लिनक्सवर विंडोजचे खेळ खेळणाऱ्या पोरांना आपण कुणाच्या खांद्यावर उभे आहोत हे माहीत असते की नाही, कोण जाणे.

असो. आमच्या ओटीवर रात्री दहा वाजता जुनी सीडी फिरू लागली. प्रोग्राम बसवणारा तुकडा सोळा बिटांचा निघाला. भाचा म्हणाला, आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजनेही त्याला दारातून हाकलले असते. वाइनने मात्र आत घेतले. टंकांच्या फायली त्याने हव्या त्या जागी ठेवल्या. कुलूप खोचून पाहिले, पण ते चालले नाही; त्याला थेट यंत्राच्या गाभ्याशी बोलायचे असते आणि तिथे वाइनचा इलाज चालत नाही. म्हणजे मजकूर दिसेल, छापता येईल. मराठीत एक वेलांटीही बदलता येणार नाही.

मग पान उघडले. पहिले प्रकरण, पहिली ओळ, रफारासकट. मी काही बोललो नाही. बोलता आले नाही, हे अधिक खरे.

दोनशे चाळीस पाने छापून काढली आणि सौभाग्यवतींनी ती युनिकोडमध्ये नव्याने टंकित करायला घेतली. रोज रात्री जेवणे आटोपल्यावर दहा-दहा पाने. भाऊबिजेच्या रात्री तिने एका पानावर पेन्सिलीने खूण केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"का हो," ती म्हणाली, "या म्हातारीचे नाव पहिल्या प्रकरणात द्वारका होते ना? इथे गोदावरी कशी झाली?"