खिदिरपूरचे ड्रमर

विजयदुर्गातून (कालपरवापर्यंतचं फोर्ट विल्यम, नवं नाव आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्याचं) निघून टॉलीचा नाला ओलांडला की खिदिरपूर. लोकांना ते गोदीमुळे माहीत. मला तिथे ड्रम दिसतो, कारण सध्या बँडच्या एका हवालदाराकडून मी ड्रम सेट शिकतोय.

ठेका बसलाय, आता फिल चालू आहेत. चारपैकी तीन मात्रा नेहमीचा ठेका, चौथीत स्नेअरवर चार सारखे ठोके, आणि पुढच्या 'एक'वर क्रॅश आणि बेस ड्रम एकदम. तबल्याचा मुखडा समेवर येतो, तसंच. हवालदार आधी तोंडाने म्हणून घेतो, मग काठ्या हातात देतो.

स्नेअर म्हणजे मुळात पलटणीचा साइड ड्रम. रोल, फ्लॅम हे फिलचे तुकडे कवायतीच्या मैदानावरचेच. आणि पलटणीच्या ड्रमशी खिदिरपूरचं नातं जुनं आहे.

१७८० च्या दशकात कंपनीच्या बंगाल फौजेतल्या अधिकाऱ्यांनी लष्करी अनाथालय काढलं. पुढे ते रिचर्ड बारवेलच्या खिदिरपूर हाऊसमध्ये आलं. बाप गोरा, आई बहुधा हिंदुस्थानी, अशी तिथली बरीच मुलं. १७८६ मध्ये त्यांना शिक्षणासाठी विलायतेला पाठवणं बंद झालं. १७९१ मध्ये मिश्र वंशाच्या लोकांना कंपनीच्या मुलकी, लष्करी आणि आरमारी नेमणुका बंद झाल्या. १७९५ च्या हुकमाने फौजेत चारच जागा उरल्या: फायफर, ड्रमर, बँडवाला, नालबंद.

जेम्स स्किनर याच फेऱ्यात सापडला. बाप कंपनीचा स्कॉटिश अधिकारी, आई राजपूत. तो डी बॉइनच्या कवायती फौजेत गेला, म्हणजे आपल्या शिंद्यांच्या चाकरीत! १८०३ मध्ये इंग्रज-मराठा युद्ध पेटल्यावर ती चाकरी सुटली, आणि दार लावणाऱ्या त्याच कंपनीसाठी त्याने घोडदळ उभं केलं. स्किनर्स हॉर्स आज आपल्या फौजेत रणगाडे चालवते.

सगळ्यांना शिंदे भेटले नाहीत. अनाथालयातली सैनिकांची पोरं कोवळ्या वयात ड्रम गळ्यात अडकवून पलटणीत जात. पहाटेची उठवणी ड्रमवर, रात्रीची परतणीही ड्रमवर. लढाईच्या गदारोळात साहेबाचा आवाज पोचत नसे, ड्रम पोचे. हुकूम देण्याच्या लायकीची नाहीत असं ज्यांना ठरवलं, हुकूम पोचवायचं काम त्यांच्याच हातात होतं.